मुंबईसमोरच्या समुद्राखालची जुनी दरड

घाटात दरड कोसळली की दुसऱ्या दिवशी जेसीबी ढिगारा उपसतो. समुद्रतळावर कोसळलेली दरड मात्र तिथेच राहते, आणि ती कशी आली हे तिच्या थरावरून कळते.

२०१५ मध्ये 'जॉइडेस रिझोल्यूशन' हे संशोधन जहाज कोलंबोहून मुंबईला आले. वाटेत अरबी समुद्राच्या तळावरच्या लक्ष्मी खोऱ्यात, भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे ४७५ किमी पश्चिमेला, ३,६०० मीटरहून खोल पाण्याखाली त्याने तळाला भोक पाडले. सिंधू नदीच्या गाळाखाली सुमारे ३३० मीटर जाडीचा वेगळाच थर लागला. त्यात चुनखडकाचे ठोकळे, ज्वालामुखी खडकाचे तुकडे, घड्या पडलेला चिखल असे सगळे एकत्र कालवलेले होते. एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्याचा उतार खचला, त्याचा हा ढिगारा. त्याला 'नटराज' दरड म्हणतात.

हा गाळ नदीने हळूहळू आणून टाकलेला नाही, हे कशावरून? घरी करून पाहा. एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत पाऊण भाग पाणी, अर्धी वाटी रेती आणि अर्धी वाटी माती घालून जोरात हलवा, मग सपाट जागी ठेवा. जाड रेती काही सेकंदांत बसते, पोयटा (रेतीहून बारीक, चिकणमातीहून जाड गाळ) काही मिनिटांत. ०.००२ मिमीच्या चिकणमातीच्या कणाला १० सेंमी खाली यायला सहा ते आठ तास लागतात. खाली जाड, वर बारीक: गढूळ प्रवाहाचा, म्हणजे उतारावरून वाहत येणाऱ्या गाळमिश्रित पाण्याचा थर असाच असतो, कारण त्यात कणांना पाण्याची घुसळण उचलून धरते आणि ती मंदावली की जड कण आधी पडतात.

आता तीच माती भज्यांच्या पिठाइतकी घट्ट कालवा आणि त्यात खडे टाका. खडे बुडत नाहीत, चिखलच त्यांना धरून ठेवतो. असा राडारोड्याचा प्रवाह उतार कमी झाला की जागीच थिजतो आणि लहानमोठे सगळे मिसळलेलेच राहते, नटराजच्या थरासारखे. पहिल्या प्रयोगात माती जास्त पडली तर थर नीट वेगळे होत नाहीत, तेही याचमुळे.

गढूळ प्रवाहाच्या थराची रचना भूवैज्ञानिक आर्नोल्ड बाउमा यांनी १९६२ मध्ये मांडली: तळाला जाड वाळू, मग सपाट रेषा, मग लहरींच्या खुणा, वर बारीक पोयटा, शेवटी चिखल. पाचही भाग एकाच जागी क्वचितच सापडतात. उगमाजवळ वरचे गायब, दूरवर खालचे.

कोरड्या वाळूच्या घसरणीत उलटे होते. कण एकमेकांवर आपटतात, बारीक कण फटींतून खाली जातात आणि जाड वर राहतात. पाण्याने फुगलेल्या वाळूतून पाणी वर निसटले, तर थरात बशीसारख्या वक्र रेषा उरतात.

प्रत्यक्षात एकच दरड वाटेत रूप बदलते. १८ नोव्हेंबर १९२९ च्या भूकंपानंतर कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळ समुद्राखालचा उतार खचला आणि त्याचा पुढे गढूळ प्रवाह झाला. एकूण १२ तारायंत्र केबल तुटल्या. भूकंपकेंद्राजवळच्या लगेच, तर उताराखालच्या एकामागून एक, शेवटची तेरा तासांनंतर. दोन केबल तुटण्यामधल्या वेळेवरून वेग काढला, तो ताशी ६० किमीहून अधिक भरला. वर्सोव्याला किनाऱ्यावर येणाऱ्या इंटरनेट केबलचा मार्ग आखताना उतार आणि जुने ढिगारे आधी तपासायचे ते यासाठीच.