सौरपंप, खोल गेलेलं पाणी आणि वेगवेगळ्या फायली

मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या रावेरकडच्या निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या केळीबागेत भर दुपारी शिरा. पानं कडेने करपलेली असतात, आणि पारा ४४-४५ च्या वर गेला की घड सटकायला लागतात. वर्षभर जपलेला माल एका आठवड्यात मातीत. मग शेतकरी बागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवताची भिंत उभी करतो, हिरवी जाळी बांधतो आणि मुख्य म्हणजे पाणी वाढवतो. पाणी वाढवायचं म्हणजे पंप जास्त वेळ चालवायचा.

रावेर-यावल पट्ट्यात भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त आहे. पाणी ५० मीटरऐवजी १०० मीटरवरून उचलायचं तर तेवढ्याच पाण्याला साधारण दुप्पट वीज लागते. वीज कोळशाची असेल तर धूर वाढतो, धुराने उष्णता वाढते, उष्णतेने केळीची तहान वाढते.

यावर उपाय सौरपंपाचा. कोळसा वाचतो, रात्री लाइट येईल म्हणून बांधावर जागावं लागत नाही, विंचूकाट्याची भीती जाते. मला सौरपंप हवेच आहेत. पण एकदा पंप बसला की पुढच्या प्रत्येक लिटरचा खर्च जवळजवळ शून्य होतो, आणि ऊन असेपर्यंत तो बंद करायचं कारणच उरत नाही. ऊर्जा विभागाच्या हिशेबात जमा झालेलं यश भूजलाच्या हिशेबात खर्ची पडतं. यावर एक वाट आहे: पंप ग्रिडला जोडायचा आणि न वापरलेली वीज वितरण कंपनीने विकत घ्यायची. मग वाचवलेल्या पाण्याचेही पैसे मिळतात. केंद्राच्या २०१९ च्या कुसुम योजनेत अशी सोय आहे. पण ती बागेपर्यंत यायची तर ऊर्जा, कृषी, भूजल आणि वित्त या चारही खात्यांनी एकाच वेळी हलायला हवं.

अडचण घटनेच्या सातव्या अनुसूचीपासूनच सुरू होते. शेती आणि पाणी राज्यांच्या सूचीत, वीज समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांकडे. वनं पूर्वी राज्यांकडे होती, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने तीही समवर्ती झाली. परदेशांशी करार मात्र केंद्र करतं. २०७० पर्यंत नक्त शून्य उत्सर्जनाचा शब्द २०२१ मध्ये ग्लासगोत दिल्लीने दिला. तो पाळायचं बरंचसं काम राज्यांच्या खात्यांत आहे. २००८ मध्ये केंद्राने हवामानबदलासाठी आठ अभियानांचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, पाठोपाठ राज्यांनीही आपापले आराखडे केले. आराखडे चांगले आहेत. पण उद्दिष्ट चुकलं तर जाब कुणाला विचारायचा, हे सांगणारा सर्वंकष हवामान कायदा आपल्याकडे नाही.

जर्मनीने नेमकं हेच करून पाहिलं. २०१९ च्या हवामान कायद्याने उद्योग, वाहतूक, इमारती, शेती अशा क्षेत्रांना वर्षागणिक उत्सर्जनाची मर्यादा घालून दिली. मर्यादा ओलांडली की संबंधित मंत्रालयाने तीन महिन्यांत तातडीचा कार्यक्रम द्यायचा. वाहतूक क्षेत्र पुन्हा पुन्हा चुकलं, वाद पेटला, आणि २०२४ च्या दुरुस्तीत क्षेत्रवार सक्ती ढिली करून एकूण बेरीज पाहायचं ठरलं. माझ्या मते ही माघार होती. जाब सगळ्यांचा झाला की तो कुणाचाच राहत नाही.

केंद्र-राज्यांच्या बाबतीत मात्र जर्मनीने गाठ पक्की मारली. बव्हेरिया राज्याने २०१४ मध्ये नियम केला होता की पवनचक्की घरांपासून तिच्या उंचीच्या दहापट लांब हवी. २०० मीटरची चक्की, तर दोन किलोमीटर मोकळं. दाट वस्तीच्या मुलखात एवढी जागा आणायची कुठून? आपल्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर चक्क्यांच्या रांगा पाहिलेल्या माणसाला ही अडचण लगेच कळेल. अखेर २०२२ च्या केंद्रीय कायद्याने देशाची दोन टक्के जमीन २०३२ पर्यंत पवनऊर्जेसाठी राखायचं ठरवलं आणि प्रत्येक राज्याचा वाटा लिहून दिला. वाटा पुरा केला नाही, तर राज्याचे अंतराचे नियमच लागू राहत नाहीत. कुठली जमीन द्यायची ते राज्याने ठरवायचं, द्यायची की नाही हे नाही.

कॅनडाने कार्बनला किंमत लावताना, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढा आकार घेताना, असाच तळ आखला होता: प्रांताने स्वतःची पद्धत आणावी, नाहीतर केंद्राची लागू होईल. काही प्रांत कोर्टात गेले, २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राची बाजू उचलून धरली. तरीही १ एप्रिल २०२५ पासून सामान्य ग्राहकांच्या इंधनावरचा आकार बंद झाला, कारण कोर्टात जिंकलेली गोष्ट लोकांच्या गळी उतरली नव्हती. स्वित्झर्लंडने पैशाने सांधलं. तिथे केंद्र तापवण्यासाठी जाळल्या जाणाऱ्या इंधनावर कार्बन आकार घेतं, त्यातला एक तृतीयांशापर्यंत हिस्सा इमारतींच्या सुधारणेला जातो आणि ते काम प्रांतांच्या हातून होतं.

आता पुन्हा आपल्या तापीकाठी. सातपुड्याच्या पायथ्याला गोटे, वाळू, रेतीचा जाड थर आहे. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांनी हजारो वर्षं आणून टाकलेला हा बझाडा पावसाचं पाणी चाळणीसारखं आत घेतो. पुराचं पाणी या पट्ट्यात वळवून मुरवायची तापी महापुनर्भरण योजना कित्येक वर्षं चर्चेत होती. नदी मध्य प्रदेशातून येते, म्हणून एकट्या महाराष्ट्राच्या हातात काही नव्हतं. १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये दोन्ही राज्यांनी करार केला. मला त्याचा मनापासून आनंद झाला.

पण मुरलेलं पाणी कोण, किती आणि कुठल्या विजेवर उपसणार? धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठी फड म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर सगळ्यांनी मिळून भिजवायचे शेतांचे गट; तिथे शेकडो वर्षं हा प्रश्न असा सुटा राहिला नाही. कोणत्या फडात यंदा कोणतं पीक घ्यायचं हे बंधाऱ्यातलं पाणी पाहून सगळे मिळून ठरवत, आणि पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी तेवढंच पाणी सोडत असे. आज पुनर्भरण जलसंपदा विभागाकडे, सौरपंप ऊर्जा विभागाकडे, केळी कृषी विभागाकडे. तिन्ही फायली एकत्र वाचता येतील अशी जागा जिल्ह्यात आहे: जिल्हा नियोजन समिती. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात आणि जिल्ह्याचा वार्षिक आराखडा तिच्यापुढे येतो. रावेर-यावलमध्ये नवे किती सौरपंप बसले आणि त्या गावांच्या विहिरींची पातळी किती हलली, हे दोन आकडे त्या आराखड्यात एकाच पानावर शेजारी शेजारी छापले जावेत, एवढी माझी मागणी आहे.