स्वदेशी कापड आणि खादी, दोन्ही एकच नाही बरं का

बऱ्याच जणांना वाटतं स्वदेशी म्हणजेच खादी. पण दोन्ही लाटांमध्ये पंधराएक वर्षांचं अंतर आहे आणि लोकांच्या पेहरावावर झालेला परिणाम तर अगदीच वेगळा.

१९०५ ला बंगालची फाळणी झाली, त्याच सुमारास ७ ऑक्टोबरला पुण्यात सावरकर आणि कॉलेजच्या पोरांनी विदेशी कपड्यांची होळी केली, टिळक स्वतः हजर होते, आणि मग सावरकरांना १० रुपये दंड झाला, वर हॉस्टेलमधूनही काढलं. तेव्हा म्हणणं एवढंच होतं की मँचेस्टरचं कापड नको, आपलं घ्या. आपलं म्हणजे मुंबईच्या गिरणीतलं सुद्धा चालायचं! त्यामुळे धोतर तेच, कोट तोच, पगडी तीच, बदललं ते फक्त कापड कुठून आणायचं ते. माणसाकडे बघून हा स्वदेशीवाला आहे हे कळायचं नाही.

खादीला मात्र सूतही हातानं कातलेलं लागतं आणि विणायचंही हातमागावरच. गिरणीचं सूत आणून हातमागावर विणलं तर ते हातमागाचं कापड झालं, खादी नाही, ही गल्लत आजही दुकानात होते. तसे पुण्याचे सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबारात खादी घालूनच गेले होते, पण घराघरात ती आली १९२० नंतर, गांधीजींमुळे. आणि तिनं माणसाचं दिसणंच बदललं. आधी पगडी-पागोट्याच्या बांधणीवरून कोण कुठल्या जातीचा, कुठल्या गावाकडचा ते ओळखू यायचं, आता वकील असो की शेतकरी, डोक्यावर तीच पांढरी टोपी. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

बायकांना खादी जास्त जड गेली, अगदी शब्दशः. माझ्या आजीचं खादीचं नऊवारी लुगडं आमच्याकडे अजून आहे, उजेडात धरलं की कुठे सूत जाड, कुठे बारीक, मधेच गाठी, सगळं दिसतं. आई सांगते, ते ओलं झालं की पिळायला दोघी लागायच्या, एक इकडून, एक तिकडून. तरी आजीनं लग्नकार्यातसुद्धा दुसरं कधी नेसलं नाही.