शिंपल्यांची टेकाडे आणि ओलोनी वंशज: एका व्याख्यानविषयाची पार्श्वभूमी

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात उद्यानांची निगा राखणारे आणि स्थानिक इतिहास जपणारे स्वयंसेवकांचे गट वर्षातून एकदा स्नेहभोजन ठेवतात. वर्षभराच्या कामाचा आढावा घेतला जातो, कार्यकर्त्यांचे आभार मानले जातात आणि एखाद्या अभ्यासकाचे व्याख्यान होते. त्या व्याख्यानासाठी या परिसरातील मूलनिवासी ओलोनी लोकांच्या पुरातत्त्वाचा विषय निवडला, की शतकाहून अधिक काळ चाललेल्या एका अन्यायाला वगळून पुढे जाता येत नाही.

ओलोनींचे पूर्वज या किनाऱ्यावर हजारो वर्षे राहत होते. शिंपल्यांची कवचे, राख, हाडे आणि अवजारे यांचे थर साचून तेथे टेकाडे तयार झाली, आणि मृतांनाही त्यांतच पुरले जात असल्यामुळे ती एकाच वेळी वस्तीची आणि दफनाची जागा होती. दख्खनमधल्या जुन्या गावांशेजारची पांढरीची टेकाडे आणि त्यांतली माती खत म्हणून शेतात नेण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढे काय घडले हे वेगळे सांगायला नको. पुरातत्त्वज्ञ नेल्स नेल्सन यांनी १९०६ ते १९०८ या काळात पाहणी करून ४२५ टेकाडांची नोंद केली, तोवर त्यांतील पुष्कळशी खतासाठी, रस्त्यांसाठी आणि बांधकामासाठी खणली गेली होती.

उपसागराच्या काठावरील एमरीव्हिल शहरातले टेकाड त्यांत सर्वांत प्रसिद्ध. पुरातत्त्वज्ञ मॅक्स ऊले यांनी १९०२ मध्ये तेथे थरांनुसार उत्खनन केले आणि काळानुसार संस्कृती बदलत गेल्याचे मत १९०७ च्या अहवालात मांडले. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांना ते पटले नाही. हा बदल त्यांना अगदी किरकोळ वाटला. पुढील अभ्यासाने ऊले यांची बाजू बळकट केली, पण टेकाडाला त्याचा उपयोग झाला नाही. १९२४ मध्ये ते सपाट करण्यात आले, त्या वेळच्या घाईच्या उत्खननात सुमारे ७०० दफने आढळली, नंतर त्या जागी कारखाना आला आणि २००२ मध्ये बाजारसंकुल उघडले.

याच काळात जिवंत माणसांनाही कागदावरून पुसले गेले. क्रोबर यांनी १९२५ च्या ग्रंथात ओलोनी समाज जवळजवळ नामशेष झाल्याचे लिहिले, आणि १९२७ मध्ये एका सरकारी अधिकाऱ्याने प्लेझंटन आणि सुनोल परिसरातील गटाला जमीन देण्याच्या यादीतून वगळले. प्रत्यक्षात ही कुटुंबे तेथेच राहत होती. त्यांच्या वंशजांच्या मुवेकमा ओलोनी जमातीला अमेरिकी संघराज्याची (केंद्र सरकारची) मान्यता मिळवण्यासाठी आजही जो लढा द्यावा लागतो, त्याचे मूळ या वगळण्यात आहे. विद्वानाच्या एका निष्कर्षाची किंमत माणसांना किती काळ मोजावी लागते, हे या प्रकरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

कायदा हळूहळू बदलला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात मूलनिवासींच्या वारशासाठी आयोग स्थापन झाला, १९९० च्या संघराज्याच्या कायद्याने संग्रहालयांना आणि विद्यापीठांना पूर्वजांचे अवशेष परत करण्याचे बंधन घातले, आणि २०१४ च्या राज्य कायद्याने प्रकल्पांपूर्वी जमातींशी सल्लामसलत आवश्यक केली. त्याचे फळ सुनोलच्या उत्खननात दिसले. तेथील काम मुवेकमा ओलोनींच्या सहभागाने झाले, जनुकीय अभ्यासाला जमातीने साथ दिली आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे पुरलेल्या सुमारे दोन हजार वर्षांपर्यंतच्या जुन्या व्यक्तींचे आजच्या मुवेकमा ओलोनींशी नाते जुळले. वेस्ट बर्कलीत शहर प्रशासनाने आणि मूलनिवासी स्त्रियांच्या पुढाकारातील भूमी न्यासाने २०२४ मध्ये जुन्या टेकाडाची जागा परत मिळवली.

फ्रीमाँटमध्ये अनेक मराठी कुटुंबे राहतात, आणि शहरालगतच्या कायोटी हिल्स उद्यानात ओलोनींच्या गावाची जागा राखलेली आहे. तेथे वाटाड्यांसोबतच जाता येते. इतर बहुसंख्य स्थळांची नेमकी ठिकाणे मात्र लूट टाळण्यासाठी सार्वजनिक नोंदींत खुली केली जात नाहीत, त्यामुळे जबाबदार वक्ता अशा व्याख्यानात त्यांचे नकाशे दाखवत नाही. मानवी अवशेषांची छायाचित्रे दाखवायची की नाहीत, याचा निर्णयही आता वंशजांना विचारूनच घेणे अपेक्षित असते.