दसऱ्याचा हल्ला : नांदेडच्या एका रिवाजामागचा इतिहास

दसऱ्याच्या दिवशी दुपारनंतर नांदेडच्या जुन्या गावात गाडी घालायची नसते. बदली होऊन आलेल्या माणसाला हे पहिल्या वर्षी कुणी सांगत नाही आणि दुसऱ्या वर्षी सांगावं लागत नाही. गुरुद्वाऱ्यातून महल्ला निघालेला असतो. पुढे निशाणसाहिब, म्हणजे शिखांचा झेंडा, मागे सजवलेले घोडे, कीर्तनाचे जथे, निळ्या बाण्यातले शस्त्रधारी निहंग शीख, आणि दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर, गच्च्यांवर चढलेलं निम्मं गाव. ठरलेल्या जागी मिरवणूक थांबते, अरदास, म्हणजे प्रार्थना, होते. इतका वेळ चाललेला ढोलांचा गलका एकदम बंद पडतो. कुणाचं खोकणंही ऐकू यावं अशी शांतता. मग ‘जो बोले सो निहाल’ची आरोळी उठते आणि नंग्या तलवारी, भाले उंचावून माणसांचा लोंढा एका दमात धावत सुटतो. समोर शत्रू कुणी नसतो. लहानपणी मला एका कापडदुकानाच्या ओट्यावर उभं केलं होतं. लोंढा आला तसा मी दुकानदारकाकांच्या धोतराला बिलगलो. ते म्हणाले, ‘‘भिऊ नक्को बाळा, तुझ्यावर नाही येलाले ते.’’

हाच हल्ला. आणि महल्ला म्हणजे मिरवणूक. गल्ली-मोहल्ल्याशी त्याची गल्लत नवखे लोक हमखास करतात. दसऱ्याला निघतो तसा तो धुळवडीलाही निघतो आणि दिवाळीतही. होळीच्या महल्ल्याचं मूळ सरळ पंजाबात आहे. गुरू गोविंदसिंगांनी १७०१ मध्ये आनंदपूरला होळीच्या दुसऱ्या दिवशी लुटुपुटीच्या लढाईचा होला महल्ला सुरू केला. लोक रंग खेळतात, तर आपल्या माणसांनी शस्त्रं खेळावीत, असा तो हिशेब. पण दसऱ्याला, तोही गोदावरीकाठी, हल्ला का होतो, हे सांगायला जरा लांबून यावं लागतं.

१७०७ मध्ये औरंगजेब दख्खनमध्येच वारला. गादीवर आलेला बहादूरशहा धाकटा भाऊ कामबक्ष याच्यावर चालून हैदराबादकडे निघाला. त्याच्या छावणीबरोबर गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला पोचले. छावणी पुढे गेली, गुरू इथेच राहिले. नदीकाठी माधोदास नावाच्या बैराग्याचा मठ होता. तो गुरूंचा शिष्य झाला आणि बंदासिंग बहादूर म्हणून पंजाबात परतला. दोनच वर्षांत, १७१० मध्ये, त्याने सरहिंद जिंकलं. त्याची आठवण गावात बंदाघाटाच्या नावाने राहिली आहे. गुरूंवर मारेकऱ्यांनी हल्ला केला, त्या जखमेतून ते पुरते सावरले नाहीत आणि ऑक्टोबर १७०८ मध्ये त्यांचं इथेच निधन झालं. त्याआधी त्यांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून गुरुपद ग्रंथसाहिबाला दिलं. शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक मराठवाड्यात आहे ते यामुळे.

पुढची सव्वाशे वर्षं इथं मोठी वास्तू नव्हती. मग निजामाच्या दरबारात चंदुलाल नावाचे खत्री गृहस्थ प्रबळ झाले आणि लाहोरच्या महाराजा रणजितसिंगांशी हैदराबादचं बोलणं सुरू झालं. लाहोरहून शिखांची एक तुकडी निजामाच्या चाकरीत आली. तिला लाहोरी फौज म्हणत. त्याच सुमारास, १८३२ ते १८३७ या काळात, रणजितसिंगांच्या पैशातून आणि त्यांनी धाडलेल्या कारागिरांच्या हातून सचखंडाची, म्हणजे या गुरुद्वाऱ्याची, आजची इमारत उभी राहिली. रणजितसिंग स्वतः मात्र नांदेडला कधीच आले नाहीत. फौजेतली माणसं हैदराबाद, नांदेड भागात रुजली, त्यांची घरं झाली. आज आपण ज्यांना दखनी शीख म्हणतो त्यांच्यातली बरीच घराणी त्या तुकडीतली. इथल्या शीख समाजात सिकलीगर आणि बंजारा शीखही आहेत. सिकलीगर म्हणजे शस्त्रांना पाणी देणारे, धार लावणारे.

आता मुद्द्याचं. नांदेडची मर्यादा, म्हणजे गुरुद्वाऱ्यातली पूजेची पद्धत, पंजाबपेक्षा निराळी आहे. इथं संध्याकाळी ताटात दिवे लावून आरती होते आणि गुरूंची शस्त्रं बाहेर काढून भाविकांना दाखवतात. ग्रंथसाहिबाच्या जोडीने गुरू गोविंदसिंगांच्या नावाने असलेल्या दशम ग्रंथाचंही स्थान आहे. हे पाहिलं की आपले लोक कौतुकाने म्हणतात, ‘‘बघा, शीखसुद्धा इथं येऊन मराठी झाले, आरती करायला लागले.’’ मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं जास्त मजेचं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंजाबात सिंग सभेची सुधारणा चळवळ उभी राहिली. हिंदू वाटतील असे विधी गुरुद्वाऱ्यांतून दूर करायचे, हा तिचा आग्रह होता. १९०५ मध्ये सुवर्णमंदिराच्या परिसरातल्या मूर्ती हलवल्या गेल्या. अकाली आंदोलनातून १९२० मध्ये गुरुद्वाऱ्यांचा कारभार बघणारी शिरोमणी समिती निघाली, १९२५ मध्ये पंजाबचा गुरुद्वारा कायदा झाला आणि १९४५ मध्ये मान्य झालेल्या आचारसंहितेने दिव्यांची आरती वर्ज्य ठरवली. पण १९२५ चा कायदा पंजाबपुरता. नांदेड निजामाच्या मुलखात. मनमाड-सिकंदराबाद रेल्वे १९०० च्या सुमारास झाली तोवर तर पंजाबातून इथं येणं म्हणजे काही महिन्यांची पायपीट. सुधारणेचं वारं इथवर पोचेपर्यंत बरंच निवलं होतं. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यासाठी स्वतंत्र कायदा झाला तो थेट १९५६ मध्ये, आणि तोही हैदराबाद राज्याचा. म्हणजे ज्याला आपण मराठी मातीचा गुण समजतो, त्यातलं बरंचसं जुन्या पंजाबचंच आहे. तिकडं ते मोडलं, इथं निजामाच्या हद्दीआड राहून गेलं.

बरंचसं म्हटलं, सगळं नाही. मर्यादा राहिली हद्दीमुळे, पण ती इथं परकी वाटली नाही याला कारण दख्खनचा दसरा. खंडेनवमीला घराघरात विळा, कुऱ्हाड, तराजू, हल्ली मोटारसायकल पुसून हळदीकुंकू लावायचं, दुसऱ्या दिवशी शिवेबाहेर जाऊन सीमोल्लंघन करायचं, आपट्याची पानं लुटून आणायची. लुटुपुटीची स्वारी गावाने आधीपासूनच अंगवळणी पाडून घेतली होती. त्यात शीख जथ्याचा हल्ला आला तर लोकांना समजावून सांगावं लागलं नाही. शस्त्राची पूजा करून धावत सुटणाऱ्या माणसाला दसऱ्याच्या दिवशी मराठवाड्यात कोण विचारणार, की बाबा, कुठं निघालास?

‘मिनी भारत’, ‘गंगा-जमुनी’ हे शब्द नांदेडला सरसकट चिकटवले जातात. मला ते आवडत नाहीत. त्यांतून सगळे एकमेकांत विरघळल्यासारखं वाटतं. इथं कुणी विरघळलं नाही. प्रत्येकाला दुसऱ्याचं पंचांग पाठ आहे, इतकंच. नवरात्राच्या सुमारास, पितृअमावस्येपासून नऊ दिवस, तेलुगू घरांत बतुकम्मा, म्हणजे फुलांची रचलेली देवी, मांडतात. त्यासाठी तरवडाची पिवळी आणि कुरडूची गुलाबी-पांढरी फुलं लागतात. ती माळरानातून तोडून आणणारी बाई मराठी बोलते, घेणारी तेलुगू, आणि भाव ठरतो दखनी उर्दूत. ‘‘हौ ना अम्मा, इत्तेच मिलतंय.’’ धुळवडीला इकडे महल्ला निघतो तेव्हा किनवट-माहूरकडच्या तांड्यांवर बंजारा बायका-माणसं लेंगी, म्हणजे होळीची गाणी, गात फेर धरतात. मोहरमच्या सवाऱ्यांसमोर नवस बोलणाऱ्यांत हिंदू कुटुंबं पिढ्यान् पिढ्यांची आहेत. निजामी काळात कचेरीची आणि शाळेची भाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ ला राज्य गेलं, पण ती भाषा बाजारात राहिली. दखनी शिखाच्या घरात तर तिन्ही नांदतात: पाठ गुरुमुखीत, भांडण दखनीत आणि भाजीवाल्याशी घासाघीस मराठीत.

एक धागा मात्र या सगळ्याच्याही आधीचा आहे. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे नामदेवांचं गाव. नामदेवांची ६१ पदं ग्रंथसाहिबात आहेत आणि त्यांत ‘बीठल’ येतो. म्हणजे गुरू नांदेडला आले तेव्हा पंढरीचा विठ्ठल त्यांच्या ग्रंथातून इकडे परत आला होता. नामदेव जिथं बरीच वर्षं राहिले असं मानतात, त्या पंजाबातल्या घुमानला २०१५ मध्ये साहित्य संमेलन भरलं तेव्हा नामदेवांच्या या फेऱ्याची बरीच चर्चा झाली. नरसीच्या आसपास मात्र हे नव्याने सांगावं लागत नाही. तिकडे नांदेडहून जाणारे फेटेवाले यात्रेकरू वर्षभर दिसतात.

२००८ मध्ये गुरुतागद्दीला, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याला, ३०० वर्षं झाली. शहराला भरपूर निधी आला, रस्ते रुंद झाले, घाट बांधले, गुरुद्वाऱ्याभोवतीची दाटी मोकळी झाली. ज्या ओट्यावर मी उभा होतो तो आता नाही. तिथं मोबाइलचं दुकान आहे आणि त्याला ओटाच नाही. महल्ला बघायला लोक वरच्या मजल्याच्या खिडकीत बसतात.

पहाटेची गागर तेवढी तशीच आहे. रात्रीचे दोन वाजले की गागरिया सिंग नदीवर निघतो. सोबत शस्त्रधारी सेवेकरी, तोंडाने नामस्मरण. गोदावरीच्या पाण्याने गागर भरून, खांद्यावर घेऊन तो परततो आणि त्या पाण्याने तख्ताची धुलाई होते. दिवाळीत तख्तस्नानाला याच नदीचं पाणी भाविक रांगा लावून आणतात आणि त्याने गुरूंची शस्त्रं धुतात. वरच्या अंगाला विष्णुपुरीचं धरण झाल्यापासून उन्हाळ्यात घाटाशी पाणी थोडं आणि हिरवट असतं. एका मे महिन्यात नगीनाघाटाच्या शेवटच्या पायरीखाली गाळ उघडा पडला होता. गागरियाने वहाणा पायरीवर काढल्या, गाळातून चार पावलं आत गेला, वरचा शेवाळ हाताने बाजूला सारला आणि गागर आडवी केली.