लोकसहभाग आणि सुशासन : कोल्हापूर

मतदानापलीकडे जाऊन शासनाचे निर्णय, अंमलबजावणी व हिशेब यांत नागरिकांनी घेतलेला भाग. कोल्हापुरात तो मुख्यतः कृती समित्यांतून दिसतो. एका प्रश्नापुरते पक्ष, तालमी, तरुण मंडळे आणि वकील त्यांत एकत्र येतात.

या परंपरेच्या प्रारंभाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तिचे मूळ राजर्षी शाहूंच्या कारकिर्दीत (1894–1922) आहे. 1902 चा 50 टक्के राखीव जागांचा आदेश आणि 1917 च्या सुमाराचे सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण हे त्याचे आधार. परंतु या सुधारणा दरबारी हुकमाने आल्या. त्यांनी रयतेला सहभागासाठी सक्षम केले, कारभारात वाटा दिला नाही. त्यामुळे माधवराव बागल यांच्या पुढाकाराने 1939 च्या सुमारास उभी राहिलेली, जबाबदार राज्यपद्धती (लोकप्रतिनिधींना उत्तरदायी असलेला कारभार) मागणारी प्रजा परिषद हा प्रारंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. तथापि बागलांचे वडील खंडेराव सत्यशोधक होते, आणि कोल्हापुरात सत्यशोधक समाज 1911 पासून कार्यरत होता. परिषदेची पूर्वपीठिका तेथे शोधावी लागते. संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले.

महानगरपालिका 1972 मध्ये स्थापन झाली. 74 व्या घटनादुरुस्तीने (अंमल 1 जून 1993) तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या अनिवार्य केल्या. महाराष्ट्राच्या कायद्यात या समितीवर नगरसेवक, प्रभाग अधिकारी आणि स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त 3 प्रतिनिधी असतात. हे प्रतिनिधी नगरसेवकच नामनिर्देशित करतात. ज्यांना जाब विचारायचा त्यांच्याच पसंतीने नागरिकाला आत यावे लागते, ही या रचनेतील गंभीर उणीव होय. शिवाय नोव्हेंबर 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आल्यावर नगरसेवकांवर उभा असलेला हा मार्गही त्या काळात बंद राहिला.

शहरातील सुमारे 50 किमी. रस्ते ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर (कंत्राटदाराने स्वखर्चाने बांधून तो खर्च टोलमधून वसूल करायचा व मग रस्ते परत सोपवायचे) झाले आणि 2013 मध्ये टोलवसुली सुरू झाली. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे आदींच्या नेतृत्वाखालील दीर्घ आंदोलनानंतर 2015 च्या अखेरीस शासनाने टोल रद्द केला, परंतु कंत्राटदाराच्या भरपाईचा भार सरकारी तिजोरीवर आला. करारापूर्वीच नागरिकांचे म्हणणे ऐकले असते, तर हा भार टाळता येण्याजोगा होता.

ग्रामीण भागात ग्रामसभा हे प्रमुख साधन आहे. शिरोळ तालुक्यातील हेरवाडने मे 2022 मध्ये विधवा प्रथा (पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे इ.) बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्याचे आवाहन केले.