पारंपरिक वाणांची परसबाग
पारंपरिक वाणांची परसबाग : पिढ्यान्‌पिढ्या बी धरून टिकवलेले भाजीपाल्याचे वाण घराच्या आवारात बियाण्यापासून वाढवणे आणि त्याच झाडांचे बी पुढच्या हंगामासाठी राखणे. यातले दुसरे काम गाळले, तर उरते ती नेहमीची भाजीची बाग.

वाण किती जुना असला म्हणजे पारंपरिक म्हणायचा, यावर एकमत नाही. काही जण 50 वर्षांची अट घालतात, तर काही 1951 पूर्वीचेच वाण धरतात. दुसऱ्या महायुद्धानंतर संकरित, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या मिलनातून तयार केलेला भाजीपाला झपाट्याने पसरला, म्हणून सीमारेषा त्या सुमारास ओढली जाते. ‘बिग बॉय’ हा गाजलेला संकरित टोमॅटो 1949 सालचा. वयापेक्षा पक्की कसोटी मात्र वेगळी आहे. वाण सरळ असला पाहिजे, म्हणजे त्याचे बी पेरल्यावर मूळ झाडासारखेच झाड आले पाहिजे. संकरित वाणाची पहिली पिढी एकसारखी आणि जोमदार असते. पण तिचे बी धरून पेरले की दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात, एक झाड उंच तर शेजारचे खुजे, एकाची फळे गोल तर दुसऱ्याची लांबट. त्यामुळे प्रत्येक पारंपरिक वाण सरळ असतो, पण प्रत्येक सरळ वाण पारंपरिक नसतो. अलीकडे पैदास केलेले सरळ वाणही पुष्कळ आहेत आणि परसबागेत ते कमी प्रतीचे मानण्याचे काही कारण नाही.

अशा वाणांची देवाणघेवाण संघटितपणे करणाऱ्या संस्थांमध्ये ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ ही अमेरिकेतली संस्था सर्वांत परिचित. डायॅन ऑट व्हीली आणि केंट व्हीली यांनी ती 1975 साली सुरू केली. डायॅन यांच्या घराण्याने बव्हेरियातून आणलेला एक गुलाबी टोमॅटो आणि एक फुलवेल यांचे बी त्यांच्याकडे आले होते. या कामाची सुरुवात तिथून झाली. नॉर्वेतल्या स्वालबार्ड बेटांवर 2008 मध्ये सुरू झालेल्या जागतिक बियाणे कोठाराचे काम निराळे आहे. अशा शीतपेढीत, म्हणजे गोठवून ठेवलेल्या बियाण्यांच्या साठ्यात, वाण जसा ठेवला तसाच थांबतो. बागेत तो दरवर्षी माती, पाऊस, कीड आणि माळ्याची आवडनिवड यांतून जातो आणि हळूहळू बदलतो. दोन्हींची गरज आहे. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

चव आणि उणिवा : जुन्या वाणांच्या चवीचे कौतुक बऱ्याचदा आठवणींवर चालते, पण टोमॅटोच्या बाबतीत त्याला ठोस आधार आहे. जुन्या टोमॅटोचे कच्चे फळ देठाकडे गडद हिरवे असते आणि पिकताना तो भाग मागाहून रंगतो. फळ सगळीकडून सारखे लाल व्हावे म्हणून पैदासकारांनी विसाव्या शतकात एक उत्परिवर्तन (जनुकात आपोआप झालेला बदल) बहुतेक व्यापारी वाणांत आणले. कच्च्या फळात हरितलवके (उजेडातून साखर बनवणारे पेशींतले हिरवे कण) घडवणारे एक जनुक या उत्परिवर्तनात निकामी झालेले असते, हे 2012 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले. त्या जनुकाच्या अभावी फळ स्वतः कमी साखर तयार करते. एकसारखा रंग मिळाला, त्याबदली थोडी गोडी गेली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. फ्युजेरियम व व्हर्टिसिलियम या बुरशींमुळे होणारी मर आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी यांना तोंड देणारी जनुके आधुनिक वाणांत मुद्दाम घातलेली असतात. जुन्या वाणांत ती सहसा नसतात. फळे तडकतात, फार दिवस टिकत नाहीत, उत्पन्न कमीजास्त होते. जुने ते काटक, हा समज सरसकट खरा नाही. एखादा वाण जिथे पिढ्यान्‌पिढ्या निवडला गेला तिथे तो काटक असतो. हवामान बदलले की त्याला पुन्हा शिकावे लागते.

पेरणी आणि रोपे : यात पारंपरिक वाणांसाठी वेगळे असे थोडेच आहे. बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरावे. लेट्यूसचे बी जेमतेम झाकावे, कारण त्याच्या बऱ्याच वाणांना उगवायला उजेड लागतो आणि कडक उष्णतेत ते रुसून बसते. टोमॅटो, वांगी, मिरची यांना 25 ते 30 अंश सेल्सिअसची ऊब मानवते. त्यातही मिरची सावकाश उगवते, म्हणून ट्रे लवकर उकरून पाहू नये. वाटाणा, घेवडा, मुळा, गाजर जागेवरच पेरलेले बरे. कोवळी रोपे जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतात ती बहुधा जादा पाणी आणि कोंदट हवेमुळे. वरून औषध मारण्याआधी पाणी कमी करावे आणि रोपे विरळ करावीत. घरात वाढलेली रोपे बाहेर लावण्यापूर्वी आठवडाभर थोडे थोडे ऊन-वारे दाखवून काटक करावी लागतात.

बी धरणे : वाण शुद्ध राखणे किती अवघड, हे फुलावर ठरते. टोमॅटो, वाटाणा, घेवडा आणि लेट्यूस ही पिके मुख्यतः स्वपरागणाने, म्हणजे आपल्याच फुलातल्या परागांनी फळतात. वेगवेगळे वाण काही अंतरावर लावले तरी सहसा भागते आणि नवख्याने सुरुवात यांच्यापासूनच करावी. टोमॅटोतही अपवाद आहेत. ‘ब्रँडीवाइन’सारख्या, बटाट्यासारखी पाने असलेल्या काही वाणांत फुलाची कुक्षी (पराग झेलणारे टोक) बाहेर डोकावते आणि मधमाश्यांना वाव मिळतो. मिरची आणि वांगी स्वतःच फळतात खरी, पण माश्यांमुळे त्यांत भेसळ बरीच होते. बियाण्यासाठी राखलेल्या फांदीवर कळ्या उमलण्याआधी जाळीची पिशवी बांधणे हा सोपा उपाय. मका आणि पालक यांचे पराग वाऱ्यावर दूर जातात. लहान आवारात त्यांचा एका वेळी एकच वाण घ्यावा, आणि शेजाऱ्याने दुसरा लावला असेल तर त्या वर्षी बी धरायचा नाद सोडावा.

भोपळ्याची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. भोपळा म्हणून ओळखली जाणारी फळे कुकुर्बिटा पेपो, मॅक्सिमा आणि मॉस्काटा अशा निरनिराळ्या जातींची असतात. एकाच जातीतले वाण एकमेकांशी सहज संकरतात, वेगवेगळ्या जातींतले क्वचितच. म्हणून तिन्ही जातींचा एकेक वाण शेजारी-शेजारी लावला तरी भेसळीची फारशी भीती नसते. एकाच जातीचे दोन वाण हवे असतील, तर हाताने परागण करावे. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या नर आणि मादी कळ्या आदल्या संध्याकाळी ओळखून त्यांची तोंडे चिकटपट्टीने किंवा दोऱ्याने बंद करायची. मादी कळीच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो, त्यावरून ती कळते. सकाळी नर फूल तोडून पाकळ्या काढायच्या, मादी फूल उघडून पराग कुक्षीवर फिरवायचे आणि ते पुन्हा बंद करायचे. देठाला खूण बांधायला विसरू नये. महिन्याभराने वेलीच्या पसाऱ्यात ते फळ ओळखता येत नाही. परके पराग पडले म्हणून त्या हंगामातले फळ बिघडत नाही, बिघाड बियात होतो. पेपो जातीत शोभेचे कडू प्रकारही असतात. त्यांच्याशी संकर झालेल्या बियांची फळे विषारी कडू निघू शकतात. कडू लागलेला भोपळा टाकून द्यावा. शिजवून तो विषारीपणा जात नाही.

गाजर, कांदा, कोबी आणि बीट ही द्विवर्षायू पिके, म्हणजे पहिल्या वर्षी वाढून दुसऱ्या वर्षी फुलणारी. थंडी सोसल्याशिवाय ती सहसा फुलोऱ्यावर येत नाहीत. कांद्याला डोंगळा फुटेपर्यंत वाफा अडकून पडतो. शिवाय गाजर, कांदा आणि मका यांचे बी मोजक्याच झाडांवरून सारखे धरले, तर दोन-चार पिढ्यांत जोम घटतो. मक्याची शंभरेक झाडे असावीत असे सांगतात, आणि परसबागेत तेवढी जागा नसते. अशा पिकांचे बी चार घरांनी वाटून धरावे, नाहीतर विकत घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

सर्वांत दुर्लक्षित बाब निवडीची. पहिले देखणे फळ खाल्ले जाते आणि हंगाम संपताना उरलेसुरले बियाण्यासाठी ठेवले जाते. असे काही वर्षे चालले की वाण उशिरा फळणारा आणि लहान फळांचा होऊ लागतो, आणि दोष बियाण्याच्या पाकिटाला दिला जातो. लेट्यूस, पालक यांत तर याचे नुकसान लगेच दिसते : ज्या झाडाला सर्वांत आधी तुरा येतो त्याचे बी आयते हाती लागते, पण पानभाजीला नको असलेला गुण नेमका तोच असतो. बियाण्याची झाडे हंगामाच्या सुरुवातीलाच हेरून त्यांना खूण करावी. झाडाचा एकूण जोम, निरोगीपणा आणि चव पाहावी, एकटे मोठे फळ पाहून भुलू नये. वाणाशी न जुळणारी भेसळ झाडे फुलण्याआधी उपटावीत.

बियाण्याची काकडी पिवळी-तपकिरी आणि वांगे निस्तेज पिवळट होईपर्यंत वेलीवर, झाडावर राहू द्यावे लागते. खायला योग्य असताना त्यांतले बी कच्चे असते. एक फळ असे राखले की झाड पुढची फळे धरण्यात हात आखडते, म्हणून त्यासाठी वेगळे झाड ठेवावे. टोमॅटोचे बी बुळबुळीत आवरणात असते आणि ते उगवण रोखते. गर थोड्या पाण्यात घालून दोन-तीन दिवस आंबवावा. वर पांढरी साय येते, वासही येतो. मग खळखळून धुतले की भरलेले बी तळाशी बसते आणि पोकळ वर तरंगते. जास्त दिवस ठेवल्यास बी भांड्यातच मोडवते. धुतलेले बी ताटलीवर पसरून सावलीत वाळवावे. कागदावर पसरले तर चिकटून बसते.

साठवण : बियाण्यातला ओलावा 1 टक्क्याने घटला की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते आणि तापमान 5-6 अंशांनी उतरले तरी तसेच, हा बियाणे-शास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा ठोकताळा ठरावीक मर्यादेत उपयोगी पडतो. घेवड्याच्या दाण्यात नख रुतले नाही आणि भोपळ्याचे बी वाकवताच कडकन मोडले, की वाळवण पुरी झाली. मगच हवाबंद बरणी. घेवड्यात भुंगा असल्याची शंका आली, तर पूर्ण वाळलेले बी काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवावे, आणि बरणी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, नाहीतर आत दव धरते. बरणीवर वाण आणि वर्ष लिहावे. कांद्याचे बी एक-दोन वर्षांत निकामी होते, वाटाणा-घेवड्याचे तीनेक वर्षे चालते, टोमॅटो-काकडीचे पाच वर्षे किंवा त्याहून अधिक. जुन्या बियाची उगवण पाहायची तर 10 दाणे ओल्या कागदात गुंडाळून उबेला ठेवावेत. सहा-सातच मोडवले, तर पेरणी दाट करावी. त्याहून कमी निघाले, तर त्याच हंगामात होते तेवढे सगळे पेरून ताजे बी धरावे.