पॅनोरमाचा सांधा आणि ‘ब्लेंडिंग’ नावाचं गाठोडं

फोटो शेजारी शेजारी ठेवून रुंद दृश्य उभं करण्याची हौस डॅगेरोटाइपच्या, म्हणजे धातूच्या प्लेटवर फोटो काढण्याच्या, काळापासूनची. तेव्हा प्लेटा ओळीने चौकटीत बसवत. मधल्या रेघेकडे बघणाऱ्याने काणाडोळा करायचा, एवढाच करार होता.

संगणकावर ती रेघ खुपायला लागली. पहिला उपाय फेदरिंगचा: एक फोटो विरत न्यायचा, दुसरा उमटवत आणायचा. मिसळण्याचा पट्टा अरुंद ठेवला की आकाशात उभी पट्टी दिसे, रुंद ठेवला की फांद्या दुहेरी. १९८३ च्या एका शोधनिबंधाने यातून वाट काढली. चित्र ढोबळ ते बारीक अशा थरांत फोडायचं, ढोबळ छटा रुंद पट्ट्यात मिसळायच्या, बारीक तपशील अरुंद पट्ट्यात, मग थर परत एकत्र करायचे. १९९८ मध्ये पॅनोरमा टूल्स हे फोटो जुळवणारं सॉफ्टवेअर आलं, तरी हौशी मंडळी जुळवलेले फोटो फोटोशॉपात नेऊन कुठला भाग दिसावा, कुठला झाकावा याचे मास्क हातानेच रंगवत बसायची. १९८३ ची ती थरांची युक्ती त्यांच्यापर्यंत पोचली ती पुढच्या दशकात, एनब्लेंड या मिसळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून.

आणि इथूनच शब्दाचा घोळ सुरू झाला. सांध्यावर काहीही बिघडलं की ‘ब्लेंडिंग नीट झालं नाही’. खरं तर यात निदान तीन वेगळी दुखणी आहेत. फोटोच्या कडांचा काळवंडलेपणा, एक्सपोजर (उजेडाचं प्रमाण), व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) यांतला फरक मिसळण्याआधीच दुरुस्त करायचा असतो. हगिन या पॅनोरमा जोडणाऱ्या सॉफ्टवेअरने पुढे तशी सोय दिली. सांधा कुठून न्यायचा, हा दुसरा निर्णय: चालत्या माणसाच्या अंगावरून गेला तर अर्धा माणूस उरतो, आणि कितीही मऊ मिसळलं तरी अर्धाच राहतो. तिसरं पॅरॅलॅक्स. कॅमेरा लेन्सच्या एन्ट्रन्स प्युपिलभोवती (समोरून लेन्समध्ये बघताना छिद्र जिथे दिसतं त्या जागेभोवती) फिरवला नाही, तर जवळचं रेलिंग मागच्या भिंतीपुढून सरकतं. (त्या बिंदूला सर्रास ‘नोडल पॉइंट’ म्हणतात, तेही चूकच.) मिसळणं म्हणजे फक्त यानंतर उरलेली किरकोळ तफावत पुसणं. तरी वर्षानुवर्षं लोक मिसळणारं सॉफ्टवेअरच बदलत राहिले, ट्रायपॉडवरचा, कॅमेरा ज्यावर फिरतो तो हेड नाही.

२००७ च्या फोटोशॉप सीएस३ मध्ये जुळवणी आणि मिसळणी स्वयंचलित झाली. सांधा कमी फरकाच्या जागेतून वळवत नेणं मग नेहमीचं झालं. मोबाइल तर कॅमेरा फिरतानाच अरुंद पट्ट्या जोडतो. तिथे रेघ क्वचितच दिसते, पण मधूनच चालत गेलेल्या कुत्र्याला पाच पाय येतात.